कशावर काय अवलंबून

शेठ म्हणाले, चालतोय ना?
मग चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतो?
मी म्हटलं, चालतोय, पण कण्हतो.

दोन हजार नऊचा मेल सर्व्हर,
जळगाव एमआयडीसीत, डाळ मिलच्या त्या खोलीत
जिथं आधी तुरीचे, हरभऱ्याचे नमुने
चिठ्ठ्या लावून ठेवायचे.
अजून त्याचं पोट उघडलं
की सालपटाची पिवळी भुकटी निघते.
वर्षातून दोनदा मी रंगाच्या ब्रशनं झाडतो,
बैलाला खरारा करावा तसा.
एक डिस्क गेल्या पोळ्याला गेली.
दुसरी रात्री टकटक वाजते.
सुटे भाग कंपनी आता बनवत नाही.

म्हणून आराखडा.
आधी वहीतच, वहीला लाईट लागत नाही.

तारीख: मार्च नको, हिशोब.
एप्रिलात शेठच्या नातवाचं लग्न.
मे तर नाहीच, सेहेचाळीस अंशांत
पत्र्याखाली माणूसच हँग होतो.
उरला जूनमधला एखादा रविवार,
शनिवारी रात्री दहा ते सोमवारी सकाळी सात.

पेट्या त्रेसष्ट. माणसं एकेचाळीस.
बाकीचे बावीस कुठं गेले
हे पगारपत्रकात नाही, माझ्याकडे आहे.
सात रिटायर. नऊ पुण्याला.
तिघी लग्न होऊन सुरतेकडे.
एक पेटी वजनकाट्याची.
एक कुणाचीच नाही, पासवर्ड मात्र बदललेला.
आणि एक लीलाधर फिरके, खरेदी विभाग,
अकरा जीबी.

फिरकेकाका स्वतःच स्वतःला मेल करायचे.
विषयाच्या ओळीत सगळं, आत कोरं.
"आज शेतात लाईट रात्री अडीचला."
"चष्म्याची काच."
"हेमलताबाईंना सॉरी म्हणणे."
आणि एक आठवण लावून ठेवलेली,
दर गुरुवारी सकाळी सहाला:
"मोटार बंद केली का?"
ते जाऊन तीन वर्षं झाली.
मोटार विकली, मग मळाही विकला.
गुरुवार चुकलेला नाही.
सर्व्हर विचारतो, सर्व्हरच पोचवतो.

नाशिकचा पुरवठादार, आवाजावरून पोरगाच,
फोनवर म्हणाला, सर,
मेल सगळे येतील,
जुने नियम नव्यावर येणार नाहीत.
तो सहज बोलला.
मी खाली दोन रेघा ओढल्या.

नव्याला म्हणे खोलीच लागत नाही.
भाड्यानं घ्यायचा, तो कुठंतरी लांब असणार,
एसी त्यांचा, धूळ त्यांची.
इथं शेठ पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले.
"एसीचं बिल वाचेल?"
आणि सही केली.

मग शेवटचा रकाना: कशावर काय अवलंबून.
वजनकाट्याची पावती. स्कॅनर. गेटपास.
साडेनऊचं दरपत्रक, अकोला, लातूर, इंदूर.
हेमलता अत्तरदे यांचा तो फोल्डर
ज्याला हात लावायचा नाही.
झालं. रेघ मारली.

संध्याकाळी मागं गेलो, एसीची नळी बघायला.
रुबाब तडवी, रात्रपाळीचा,
नळीखालचं आळं काडीनं मोकळं करत होता.
आळ्यात लिंबोणी, खांद्याएवढी,
डब्यातल्या लिंबाची बी टाकून आलेली.
आख्ख्या आवारात हिरवं एवढंच.
पाणी ठिबकत होतं, थेंब, मग थांबून थेंब.
मी म्हटलं, रुबाबभाऊ, जूनमध्ये हे बंद.
त्यानं वर बघितलं नाही.
"पावसायाचं निभीन," म्हणाला.
"उनायात हिले पानी कोन दीन, भाऊ?"

वही उघडली.
रेघेखाली जागा नव्हती, समासात लिहिलं:
लिंबोणी. उन्हाळ्यात रोज दीड बादली.
जबाबदार:
तिथं पेन थोडा वेळ थांबला.

उद्या गुरुवार आहे.